जुन्या बंद रक्तवाहिनीचा निर्णय टेबलावर नको : हृदयरोगतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील हृदयरोगतज्ज्ञ आणि अँजिओप्लास्टी करणारे सर्व डॉक्टर

सन्माननीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

हृदयाची जी रक्तवाहिनी तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण बंद आहे, ती अँजिओप्लास्टीने उघडायची की नाही याचा निर्णय रुग्ण अँजिओग्राफीच्या टेबलावर असताना घेऊ नये, एवढी एकच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, मी काम करत नाही आणि तुमच्या हातांतले कौशल्य माझ्याकडे नाही. मात्र तुम्ही ज्यांना तपासता त्यांतले बरेच जण आधी आमच्या दवाखान्यात आलेले असतात, आणि तुमच्याकडून डिस्चार्ज मिळाल्यानंतर त्यांचे बीपी, साखर, गोळ्या आणि शंका हे सगळे पुढे वर्षानुवर्षे आम्हीच पाहतो. त्यामुळे टेबलाशेजारी काही मिनिटांत झालेला निर्णय त्या घरात पुढे काय करतो, हे आम्हाला जवळून दिसते.

माझ्याकडे आलेली एक फाइल सांगतो. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले साठीपुढचे गृहस्थ, जुना मधुमेह. शेताकडच्या चढावर त्यांची छाती भरून यायची आणि जरा वेळ थांबले की मोकळे वाटायचे. घरच्यांनी त्यांना परस्पर शहरातल्या एका रुग्णालयात नेले. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि दुसऱ्या दिवशी मनगटातून अँजिओग्राफी झाली. ती संपता संपता मुलाला आत बोलावून मॉनिटरवर चित्र दाखवण्यात आले. उजवी रक्तवाहिनी थोडे अंतर जाऊन खुंटासारखी थांबलेली होती. ‘ही शंभर टक्के बंद आहे, वडील टेबलावरच आहेत, आत्ताच उघडून घेतलेली बरी,’ असे त्याला सांगण्यात आले. अशा वेळी नको म्हणण्याचे धाडस कोणत्या मुलाला होईल? त्याने सही केली. बराच वेळ प्रयत्न करूनही वाहिनीत घातलेली बारीक तार बंद भागाच्या पलीकडे गेली नाही आणि शेवटी प्रक्रिया थांबवावी लागली.

ते माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा डिस्चार्ज कार्डावरच्या हृदयाच्या छापील आकृतीत उजव्या वाहिनीवर लाल पेनाने फुली मारलेली होती, शेजारी ‘१००’ लिहिले होते आणि खाली प्रयत्न असफल झाल्याची एक ओळ होती. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले होते, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आलेला होता. गोळ्यांच्या यादीत गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनचा लहानसा डोस होता. छातीतली कळ कमी करणारी औषधे, म्हणजे बीटा ब्लॉकर आणि नायट्रेट, नव्हती. ज्या दुखण्यासाठी ते टेबलावर गेले, त्या दुखण्यावर औषधांचा पुरता उपचार कोणी करून पाहिलाच नव्हता. घरात त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी शेताकडे जाणे सोडून दिले होते आणि रात्री खोलीत एकटे झोपायला ते घाबरत होते, कारण वाहिनी पूर्ण बंद आहे हेही त्यांनी ऐकले होते आणि ती उघडता आली नाही हेही ऐकले होते. औषधे नीट बसवल्यावर काही आठवड्यांत त्यांची छातीतली कळ बरीच कमी झाली. परंतु आपण कधीही जाऊ शकतो ही समजूत काढून टाकायला त्याहून फार अधिक वेळ लागला.

या प्रसंगात कोणाचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप निर्णयाच्या वेळेवर आणि जागेवर आहे.

बंद रक्तवाहिनी म्हटली की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे हार्ट ॲटॅक उभा राहतो, आणि त्यात त्याची चूक नाही. ॲटॅकमध्ये वाहिनीतला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी जमते आणि वाहता रक्तप्रवाह एकाएकी थांबतो. तिथे मिनिटामिनिटाला स्नायू मरत असतो, आणि अशा वेळी तातडीने केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. त्या कामाबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत, आणि त्या रुग्णाला तुम्ही चर्चेसाठी घरी पाठवावे असे कोणीही म्हणणार नाही. हे पत्र त्या रुग्णाबद्दल नाही.

ज्याला तुम्ही सीटीओ (क्रॉनिक टोटल ऑक्लूजन) म्हणता, ती जुनी पूर्ण बंद वाहिनी हळूहळू, कधी महिन्यांत तर कधी वर्षांत, बंद झालेली असते. हमरस्ता बंद पडला की गावाची ये-जा जशी पाणंदींनी सुरू राहते, तसे त्या भागाचे रक्त शेजारच्या वाहिन्यांतून निघणाऱ्या बारीक फाट्यांनी येऊ लागते. त्यामुळे वाहिनी पूर्ण बंद असूनही तिच्या हद्दीतला स्नायू अनेकदा जिवंत असतो, आणि पुष्कळ रुग्णांना पूर्वी कधी ॲटॅक येऊन गेल्याचे आठवतही नाही. कॅनडातल्या तीन केंद्रांची २०१२ साली प्रसिद्ध झालेली नोंद सर्वांना माहीत आहे. तातडीचे रुग्ण वगळून, अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा (करोनरी) रोग आढळलेल्या रुग्णांपैकी सुमारे १८ टक्के रुग्णांत अशी जुनी पूर्ण बंद वाहिनी सापडली, आणि त्यांतल्या निम्म्याहून कमी रुग्णांना पूर्वी ॲटॅक आला होता. म्हणजे ही दुर्मिळ गोष्ट नाही. तुमच्या कॅथलॅबमध्ये ती जवळजवळ रोज दिसत असेल.

या बारीक फाट्यांनी सगळे भागते असेही नाही. बसल्या जागी ते पुरतात, पण जिना चढताना, पाण्याची घागर उचलताना किंवा उसाच्या मोळ्या वाहताना स्नायूची मागणी वाढते आणि हा पुरवठा बहुतेकांत तोकडा पडतो. छातीतले दडपण, दम, हातातून उतरणारी कळ ही लक्षणे तिथून येतात. ती खरी असतात, आणि काही रुग्णांत औषधांच्या पूर्ण मात्रेनंतरही राहतात. या विषयात दोन टोकांची मते ऐकू येतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. जुनी बंद वाहिनी दिसली की ती उघडलीच पाहिजे, हे एक टोक. ती उघडण्यात काही अर्थच नाही, हे दुसरे. रुग्णांचे गट पाडून आजवर झालेल्या तुलनात्मक चाचण्या या दोन्हींना आधार देत नाहीत.

त्या चाचण्या तुम्ही माझ्यापेक्षा अधिक बारकाईने वाचलेल्या आहेत. तरीही माझ्या विनंतीचा सगळा आधार त्यांतच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दक्षिण कोरियातील डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या डिसिजन-सीटीओ चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात ८३४ रुग्ण घेतले गेले. एका गटात बंद वाहिनी उघडण्याचा प्रयत्न झाला आणि दुसऱ्या गटात ती तशीच ठेवून औषधे दिली गेली. इतर अरुंद वाहिन्यांवर मात्र दोन्ही गटांत उपचार झाले. सुमारे चार वर्षांनी मृत्यू, हार्ट ॲटॅक, पक्षाघात आणि पुन्हा करावी लागलेली अँजिओप्लास्टी किंवा बायपास यांची एकत्र बेरीज केली, तेव्हा एका गटात ती २२.३ टक्के आणि दुसऱ्यात २२.४ टक्के भरली. वाहिनी उघडण्याचा प्रयत्न झालेल्या गटात यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होते. त्यामुळे अकुशल हातांमुळे फायदा दिसला नाही, असे म्हणायलाही जागा राहत नाही.

दुसरी युरो-सीटीओ चाचणी, ३९६ रुग्णांची, २०१८ साली प्रसिद्ध झालेली. तिच्यात प्रश्न वेगळा होता : माणसाला बरे वाटते का? तिथे उत्तर अँजिओप्लास्टीच्या बाजूने आले. वर्षभरानंतर छातीतल्या कळेपासून पूर्ण मुक्त झालेल्यांचे प्रमाण अँजिओप्लास्टीच्या गटात ७१.६ टक्के होते आणि फक्त औषधांच्या गटात ५७.८ टक्के. हा फरक लहान नाही. ज्याला रोज कामावर जाताना वाटेत थांबावे लागते, त्याच्यासाठी तो फार मोठा आहे. मात्र त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, जी रुग्णाला क्वचितच सांगितली जाते : औषधांच्या गटातलेही निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षअखेर कळेपासून मुक्त होते.

या दोन्ही चाचण्यांत ठरवले होते तितके रुग्ण मिळाले नाहीत. कोरियातल्या चाचणीत औषधांच्या गटातल्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या रुग्णांची पुढे अँजिओप्लास्टी झालीच, आणि युरोपातल्या चाचणीत रुग्णांना आपल्यावर कोणता उपचार झाला हे माहीत होते. या त्रुटी मोठ्या आहेत आणि शेवटचा शब्द अजून लिहिला गेलेला नाही. परंतु शेजारच्या प्रश्नांवरच्या मोठ्या चाचण्याही त्याच दिशेने बोलतात. ॲटॅकनंतर काही दिवस बंदच राहिलेली वाहिनी उशिरा उघडून फायदा होतो का, हे पाहणाऱ्या २००६ सालच्या ओएटी चाचणीत २,१६६ रुग्ण होते आणि फायदा दिसला नाही. स्थिर हृदयविकाराच्या ५,१७९ रुग्णांवर झालेल्या इस्केमिया चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. तिच्यात भारतातलेही अनेक रुग्ण होते. सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. ज्यांना वारंवार कळ येत होती त्यांना आराम मात्र अधिक मिळाला.

या सगळ्याचा अर्थ माझ्या समजुतीप्रमाणे असा की, जुनी बंद वाहिनी उघडण्याचे मुख्य कारण रुग्णाचा त्रास कमी करणे हे आहे, आणि आयुष्य वाढते असा पुरावा आज तरी हाती नाही. हे मत माझ्या एकट्याचे नाही. अनेक देशांतल्या सीटीओ तज्ज्ञांनी २०१९ साली एकत्र येऊन सात मार्गदर्शक सूत्रे मांडली. ही मंडळी अँजिओप्लास्टीची विरोधक मुळीच नव्हती, त्यांनी आयुष्य याच कामात घातलेले आहे. त्यांचे पहिलेच सूत्र लक्षणांतून आराम हा मुख्य हेतू मानते, आणि दुसरे सूत्र सांगते की डाव्या आणि उजव्या दोन्ही वाहिन्यांत एकाच वेळी डाय (एक्स-रेत दिसणारे द्रव्य) सोडून काढलेले चित्र नीट अभ्यासून आधी बेत आखावा. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०२१ साली आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत या प्रक्रियेची शिफारस पूर्वीपेक्षा खालच्या पायरीवर नेली. युरोपीय संघटनेने २०१८ साली ती थोडी वरच्या पायरीवर ठेवली होती, पण तीही औषधांना न जुमानणाऱ्या कळेसाठी किंवा रक्त कमी पडणारा भाग मोठा असेल तेव्हा.

हेतू त्रास कमी करणे हाच असेल, तर पहिला प्रश्न रुग्णालाच विचारायला हवा : तुम्हाला त्रास किती होतो, कशाने होतो, आणि त्यामुळे आयुष्यातले काय अडले आहे? टेबलावर झोपलेल्या, अंगावर हिरवी चादर असलेल्या, घाबरलेल्या माणसाला हा प्रश्न विचारता येत नाही. त्याच्या मुलाला तर नाहीच, कारण वडिलांना नेमके काय होते हे त्याला बहुधा ठाऊकच नसते. हा प्रश्न ओपीडीतला आहे. त्याला वेळ लागतो, आणि औषधांची पुरेशी मात्रा देऊन चार-सहा आठवडे वाट पाहिल्याशिवाय त्याचे खरे उत्तर मिळत नाही.

तांत्रिक बाजूनेही घाई परवडत नाही, हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगले जाणता. २०११ साली जपानी डॉक्टरांनी दिलेला जे-सीटीओ स्कोअर कॅल्शियम, वळण, बोथट टोक, २० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक लांबी आणि आधीचा असफल प्रयत्न या पाच गोष्टी मोजून काम किती अवघड आहे ते आधीच सांगतो. समोरून तार जात नसेल तर हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या पडद्यातल्या बारीक फाट्यांतून उलट्या बाजूने जाण्याची जी पद्धत जपानी डॉक्टरांनी घडवली, तिच्यासाठी वेगळी मायक्रोकॅथेटर (अतिबारीक नळ्या), वेगळ्या तारा आणि मुख्य म्हणजे ती वारंवार केलेले हात लागतात. अशा केंद्रांत शंभरपैकी ८५ ते ९० वाहिन्या उघडतात. जिथे हे काम अधूनमधून होते तिथे हे प्रमाण बरेच खाली येते. आणि अनुभवी हातांतही शंभरात दोन-तीन रुग्णांना गंभीर गुंतागुंत होते. वाहिनीला भोक पडून हृदयाभोवती रक्त साचू शकते, ज्या शेजारच्या वाहिनीवर सगळा भार आहे तिलाच इजा होऊ शकते, डायमुळे मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि एक्स-रेचा डोस फार झाला तर काही आठवड्यांनी पाठीवर भाजल्यासारखा चट्टा उठतो. तो चट्टा घेऊन रुग्ण त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा आमच्याकडे येतो, आणि त्याचा संबंध अँजिओप्लास्टीशी आहे हे कार्डावर कुठे लिहिलेले नसते.

तुमच्यातले काहीजण यावर जे म्हणतील ते मी ऐकले आहे, आणि त्यात तथ्य आहे. रुग्ण लांबून येतो, दुसऱ्या खेपेला येईलच याची खात्री नसते, पुन्हा सुई, पुन्हा भरती, पुन्हा एसटीचे भाडे आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज. साध्या अरुंद वाहिनीत, जिथे कारण स्पष्ट आहे आणि स्टेंट टाकणे सरळ आहे, तिथे एकाच बैठकीत काम उरकणे रुग्णाच्याही सोयीचे असते. परंतु जुन्या बंद वाहिनीत एका बैठकीत काम होईलच याची हमी कोण देऊ शकतो? बेत न आखता केलेला प्रयत्न फसला, की दुसरी खेप टळत नाही, उलट अधिक अवघड होते, कारण आधीचा असफल प्रयत्न अवघडपणाच्या त्या स्कोअरमध्ये एक गुण वाढवतो. गरीब रुग्णाची एक खेप वाचवण्याच्या चांगल्या हेतूने आपण त्याच्या माथी दोन मारतो.

पैशांबद्दल थोडक्यातच लिहितो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली आणि औषध असलेला स्टेंट त्या वेळी २९,६०० रुपयांवर आला, याने असंख्य घरांना दिलासा मिळाला. जुन्या बंद वाहिनीच्या कामात मात्र स्टेंटखेरीज तारा, फुगे आणि मायक्रोकॅथेटर यांचाच खर्च मोठा असतो, आणि प्रयत्न फसला तरी त्यांचे पैसे लागतातच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णाला हा भार थेट सोसावा लागत नाही, पण योजना पैसे देते ते प्रक्रियेचे. शांतपणे बसून अर्धा तास समजावण्याचे, औषधे बसवून वाट पाहण्याचे पैसे कोणी देत नाही. ही त्रुटी तुमची नाही, व्यवस्थेची आहे; ती दूर करण्यासाठी तुमच्या संघटनेने ही योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीशी बोलावे, आम्हीही आमच्या बाजूने लिहू.

आता दुसऱ्या बाजूचे. जितकी तक्रार घाईची आहे, तितकीच उपेक्षेचीही आहे. दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी करणारी एक बाई माझ्याकडे येते. तिची डावी मुख्य शाखा जुनी बंद आहे, हृदयाची ताकद चांगली आहे, तीन प्रकारची औषधे पूर्ण मात्रेत चालू आहेत, आणि तरीही वाफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना ती जिभेखाली सॉर्बिट्रेट (कळ थांबवणारी गोळी) ठेवते. एका ठिकाणी प्रयत्न झाला, जमला नाही, आणि ‘आता काही करता येणार नाही, जपून राहा’ असे सांगून तिला परत पाठवले गेले. जपून राहणे म्हणजे तिच्यासाठी चूल बंद ठेवणे. उलट्या बाजूने जाणारी पद्धत अस्तित्वात आहे, ती वारंवार करणारे डॉक्टर आपल्या राज्यातच आहेत, हे तिला कोणी सांगितले नाही. जे काम आपल्या हातून नेहमी होत नाही, ते नेहमी करणाऱ्याकडे चिठ्ठी देऊन पाठवणे यात कोणताही कमीपणा नाही. आम्ही तर रोज तेच करतो. युरोपातल्या चाचणीत ज्यांना फरक पडला, त्यांनाही हिच्यासारखाच कळेचा त्रास होता.

मधुमेही रुग्णांबद्दलही एक शब्द लिहायला हवा, कारण आपल्याकडे जुनी बंद वाहिनी आणि मधुमेह पुष्कळदा एकत्र येतात. अनेक वाहिन्यांत रोग असलेल्या मधुमेही रुग्णांत २०१२ सालच्या फ्रीडम चाचणीने दाखवले की पाच वर्षांत अँजिओप्लास्टीच्या गटात १६.३ टक्के रुग्ण दगावले, तर बायपासच्या गटात १०.९ टक्के. इथे प्रश्न जीव वाचण्याचा आहे. अशा रुग्णाच्या दोन वाहिन्यांत घाईने स्टेंट टाकून तिसरी बंद वाहिनी पुढे पाहू म्हणून सोडली जाते, आणि सर्जनचे मत विचारलेच जात नाही. टेबलावर घेतलेल्या निर्णयात सर्जन कधीच हजर नसतो, हाही त्या निर्णयाचा एक दोष आहे.

हृदयाचे पंपिंग फार कमी झालेल्या रुग्णांत वाहिनी उघडली की ताकद परत येईल, असे सर्रास सांगितले जाते. २०२२ सालच्या रिव्हाइव्ह्ड चाचणीत अशा ७०० रुग्णांत अँजिओप्लास्टीने मृत्यूही कमी झाले नाहीत आणि हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात दाखल होणेही कमी झाले नाही. हृदयाची भिंत पातळ होऊन तिथे नुसता व्रण उरलेला असेल, तर पुरवठा पूर्ववत करूनही तिथे आकुंचन पावणारे काही उरलेले नसते. म्हणून निदान इको नीट पाहून, शक्य असेल तिथे एमआरआय करून, मग शब्द द्यावा. खोटी आशा पुरी झाली नाही की ती घेऊन रुग्ण आमच्यासमोर येऊन बसतो.

संमतीचा प्रश्न कायद्यानेही पुरेसा स्पष्ट केलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात म्हटले की केवळ निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठीची संमती मानता येत नाही. दोन्हींची एकत्र संमती आधीच घेता येते, हेही त्याच निकालात आहे, आणि म्हणूनच अँजिओग्राफीच्या छापील अर्जात ‘गरज पडल्यास अँजिओप्लास्टी’ ही ओळ असते. साध्या कामासाठी ती पुरेल. पण ज्या प्रक्रियेत फायदा त्रासापुरता आहे, यश हातांवर अवलंबून आहे आणि धोका नेहमीपेक्षा अधिक आहे, तिची संमती त्या एका ओळीत मिळाली असे मानणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

लोकांचा विश्वास आधीच डळमळीत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या एका गावात शिबिर भरवून गावकऱ्यांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेण्यात आले, तिथे काहींची अँजिओप्लास्टी झाली, दोघांचा मृत्यू झाला आणि गुन्हे दाखल झाले. त्या प्रकरणाशी तुमचा काडीचाही संबंध नाही. परंतु त्यानंतर माझ्या दवाखान्यात खरोखर ॲटॅक आलेल्या माणसाचे नातेवाईकही ‘डॉक्टर, हे खरंच लागतं का?’ असे विचारत थांबले, आणि तिथे गेलेल्या प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत होता. जिथे थांबता येते तिथे तुम्ही थांबलात, तर जिथे थांबता येत नाही तिथे लोक तुमच्यावर विश्वास ठेवून लगेच सही करतील.

म्हणून माझी मागणी पुन्हा नेमक्या शब्दांत मांडतो. अँजिओग्राफीत जुनी पूर्ण बंद वाहिनी सापडली आणि रुग्ण स्थिर असेल, तर अँजिओग्राफी तिथेच संपवावी आणि रुग्णाला सीडीसह वॉर्डात, मग घरी पाठवावे. घरच्यांना सांगताना ‘शंभर टक्के’ एवढेच न सांगता, ही बंद होऊन बराच काळ झाला आहे, बाजूच्या वाहिन्यांनी रक्त येते आहे, आज-उद्या काही करण्याची घाई नाही, हेही त्याच दमात सांगावे. डिस्चार्ज कार्डावर मराठीत चार ओळी लिहाव्यात : वाहिनी उघडण्याचा हेतू काय, या रुग्णालयात असे काम किती वेळा होते आणि किती वेळा जमते, न उघडल्यास काय, आणि बायपासचा विचार झाला का. औषधांची मात्रा पूर्ण करून महिना-दीड महिन्याने ओपीडीत पुन्हा पाहावे. आणि प्रयत्न केलाच, तर वाहिनी उघडली की नाही यासोबत वर्षभराने माणसाला बरे वाटते की नाही याचीही नोंद ठेवावी. तुमच्या संघटनेची नॅशनल इंटरव्हेन्शनल कौन्सिल देशभरातल्या अँजिओप्लास्टींची आकडेवारी दरवर्षी गोळा करते; त्यात जुन्या बंद वाहिन्यांचा असा वेगळा, रुग्णाच्या त्रासाचा रकाना असावा, अशी विनंती आहे.

आमच्याकडून जे होऊ शकते ते आम्ही करू. तुम्ही रुग्णाला परत पाठवलेत तर बीटा ब्लॉकर आणि नायट्रेटची मात्रा नाडी व बीपी पाहून वाढवणे, स्टॅटिनचा पूर्ण डोस देऊन एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) तपासणे, साखर आणि तंबाखू यांचा पाठपुरावा करणे, आणि आठवड्यात किती वेळा कळ आली, कोणत्या कामाने आली, किती गोळ्या जिभेखाली ठेवाव्या लागल्या याची नोंद रुग्णाच्या कार्डावर ठेवणे, हे तालुक्याच्या दवाखान्यात सहज जमण्यासारखे आहे. ते कार्ड घेऊन रुग्ण तुमच्या ओपीडीत येईल, तेव्हा वाहिनी उघडायची की नाही हे ठरवायला लागणारी निम्मी माहिती त्यावर लिहिलेली असेल. तुमच्यापैकी ज्यांना हे मान्य असेल, त्यांनी आपापल्या भागातल्या जनरल प्रॅक्टिशनर मंडळींना तसे एका पत्राने कळवावे. कार्ड छापण्याचे काम आम्ही करू.

कळावे,

आपला नम्र,
तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करणारा एक डॉक्टर